जन्म जिथला, गडी तिथला

नियम पहिला. ज्या मंडळाच्या हद्दीत गडी जन्मला, त्या मंडळाचा तो गडी.

हा नियम गडबच्या प्रविणचा. बाकीचे मोझेसकाकांनी ऑस्ट्रेलियाहून आणलेले, पण हा एकटा प्रविणनं स्वतःच्या डोक्यातून काढला होता. त्याचा त्याला एवढा अभिमान, की नागोठण्याला अंबेच्या काठी मांडव घातला तेव्हा पांढऱ्या कापडावर निळ्या अक्षरांत रंगवून तो दर्शनी बाजूला टांगला.

पुतळी नवऱ्याबरोबर निडीहून सकाळच्या शटलनं आली. मुलाला, सखाला पुढं घालून मांडवात शिरली, कापड वाचलं आणि जागीच थांबली. पुन्हा वाचलं. मग तोंडाला पदर लावला. थोरल्या भावाच्या कर्तबगारीला चारचौघांत हसलेलं बरं दिसत नाही.

"काय गो, काय झालं?" प्रविणनं विचारलं.

"कुठं काय. अक्षर छान आलंय, दादा."

पेण, वडखळ, गडब, नागोठणे, कोलाड, रोहा. सहा कबड्डी मंडळांच्या कर्त्या पुरुषांनी दिवाळीपासून बैठका घालून हा नियम घासूनपुसून लखलखीत केला होता. पंचायतीचा दाखला आणायचा, दाखल्यावर जन्माचं गाव, विषय संपला. त्यात भोक आहे असं एकालाही दिसलं नव्हतं, आणि भोक तर असं होतं की बैलगाडी आरपार जावी.

पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. खाडीकाठच्या गावांत तर सातवा लागला की आई न्यायला येते आणि सव्वा महिन्याशिवाय लेकीला परत पाठवत नाही. म्हणजे पेणपासून रोह्यापर्यंत ज्याला म्हणून थोरला मुलगा आहे, त्याचा तो थोरला सासुरवाडीला जन्मलेला. हे प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं. प्रत्येक जण आपलं पहिलं पोर बघायला नारळ आणि बाळंतविडा घेऊन दुसऱ्याच्या गावाला गेला होता. पण नियम करायला बसले तेव्हा मात्र सगळ्यांना वाटलं, आपलं पोर आपल्याच ओटीवर उगवलंय.

प्रविणचा साहिल रोह्याला जन्मला. त्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू पोचवायला पुतळी स्वतः गेली होती, चार महिन्यांची पोटुशी असताना. आणि तिचा सखा जन्मला गडबला, तिच्या बापाच्या, हिरामणच्या घरात.

साहिल म्हणजे गडबची चढाई. गेली दोन वर्षं अख्ख्या साखळी सामन्यांत त्याच्याएवढा वेगाचा पोरगा नव्हता, आणि हिरामणनं स्वतःच्या पायांनी मीठ तुडवत, मिठागरातली पोरं गोळा करून उभं केलेलं मंडळ त्याच्यावरच तगून होतं. सखाला मात्र कुणी कुठलाच मानत नव्हतं. निडीला मंडळ नाही. दर मे महिन्यात तो आजोळी यायचा, अंगणात साहिलबरोबर खेळायचा आणि पावसाच्या आधी परत जायचा. हिरामण त्याला प्रेमानंच हाक मारायचा, पण हाक असायची "काय पाव्हणं" अशी. वर्षानुवर्षं ऐकून पुतळीच्या कानाला घट्टे पडले होते, आणि तरी दर मे महिन्यात तो शब्द टोचायचा.

आज पहिल्यांदाच कापडावर, तिच्याच भावाच्या अक्षरात, लिहून आलं होतं की सखा पाहुणा नाही. पुरुषांना ते अजून वाचता आलं नव्हतं एवढंच.

नियम दुसरा. सहाही हद्दींच्या बाहेर जन्मलेले गडी एका ढिगात. गेल्या साली जो संघ तळाला, त्याचा हात ढिगात पहिला.

हा मोझेसकाकांचा.

मोझेस रोहेकर आडनावानं रोह्याचे, जन्मानं पेणचे आणि गेली वीस वर्षं मेलबर्नचे. म्हणून सहाही मंडळांनी त्यांनाच मधल्या खुर्चीवर बसवलं होतं. तीन गावांचा माणूस कुठल्याच गावाचा नसतो, असं हिरामण म्हणायचा. त्यावर मोझेसचं उत्तर असं, की हे गडबच्या बाहेर कधी न राहिलेला माणूसच बोलू शकतो. तरुणपणी दोघं एका संघात होते. हिरामण कोपऱ्यात, मोझेस मध्ये. मोझेस बेने इस्रायली, शब्बाथ पाळायचे, शनिवारी खेळत नसत, म्हणून गडबचे सामने रविवारी लागायचे. मोझेस परदेशी गेले तरी सामने रविवारीच राहिले.

गेल्या हिवाळ्यात ते आले तेव्हा हिरामणच्या ओटीवर बसून त्यांनी तिथल्या फुटबॉलचं वर्णन केलं होतं. चेंडू अंड्यासारखा. पायानंही मारायचा, मुठीनंही मारायचा. हिरामणनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, की पकड आहे का. आहे म्हटल्यावर त्यानं तो खेळ मान्य केला.

मोझेस तिकडं गेले तेव्हा क्लबांना मुलूख वाटून दिलेले होते. मुलखातला पोरगा त्या मुलखाच्या क्लबचा. कुणाच्या वाट्याला पिकाऊ जमीन आली, कुणाच्या वाट्याला खडक. त्यात पैसेवाले क्लब बाकीच्यांचे गडी फोडायचे. दुबळे क्लब बुडायला आले, तेव्हा लोकांनी नवा कायदा आणला. पोरं एका ढिगात, आणि जो तळाला त्यानं पहिला हात घालायचा.

प्रविण हे ऐकता ऐकता ताठ बसला होता. कारण रोह्यापायी बाकीच्यांचं दुखणं हेच होतं. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यात नोकरीला चिकटवतो म्हटलं, की वडखळचा गडी रात्रीत रोह्याचा व्हायचा. पाच वर्षं विजेत्याची ढाल रोह्याला, आणि गेल्या साली गडब तळाला. मोझेसनी सुचवलं होतं, की पोरगा जिथं राहतो ते त्याचं मंडळ धरा. प्रविण म्हणाला, राहणं काय, कंपनीच्या खोलीत चार दिवसांत बदलतं. जन्म कसा बदलतील? तिकडं आणखी एक चाल होती, बाप ज्या क्लबाचा जुना गडी, तो क्लब मुलाला थेट घेऊ शकतो. ती प्रविणनं हट्टानं गाळायला लावली. रोह्याच्या जुन्या गड्यांना पोरंच फार होती.

साहिलला घरी ठेवणारी एकमेव कडी त्यानं स्वतःच्या हातानं काढली होती.

चुलीपाशी

तिथं नियम नव्हता. माघाचे दिवस, वालाला शेंगा लगडलेल्या, तेव्हा जेवणाला पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, मसाला लावलेली कोंबडी. मोझेस आणि त्यांची बायको हन्ना यांच्यासाठी नुसत्या शेंगा, बटाटे आणि अंडी घालून एक मडकं वेगळं.

मृणाली शेंगा निवडत बसली होती. प्रविणची बायको, माहेर रोह्याचं. तिनं मान वर केली नाही.

"वाचलंत, वन्सं?"

"वाचलं."

"मग पाणी प्या. हसायला अजून वेळ हाय."

पुतळी तिच्या शेजारी टेकली. तुला कधी कळलं म्हणून विचारलं. मृणालीनं सांगितलं, ठरलं त्याच दिवशी. ती ताट वाढत होती, प्रविणनं नियम वाचून दाखवला आणि कसा आहे विचारलं. तिनं सांगितलं, पक्का आहे.

"एवढंच?"

"विचारलं तेवढं सांगितलं."

हन्नाकाकू आपलं मडकं ओळखून ठेवायला आल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि तोंडावर पदरबिदर न घेता मोठ्यानं हसल्या. त्यांचा जोशुआ पेणचा म्हणवून घ्यायचा, पण त्याचं पहिलं रडणं रोह्याच्या आळीनं ऐकलं होतं. एवढे बाप्ये, एकानं पण बायकोला विचारू नये, असं म्हणत त्या निघून गेल्या.

त्या लांब गेल्यावर मृणाली हळू बोलली. "नियमानं काय पण होवो. साहिल सोमवारपासून पहिल्या शिफ्टला. माझ्या भावानं कारखान्यात बोलून ठेवलंय. राहणार पण त्याच्याकडंच."

"दादाला?"

"जेवण झाल्यावर सांगणार. आधी सांगितलं तर पोराला जाऊ देणार नाहीत." तिनं एक शेंग मोडली. "बांध फुटला त्या पावसाळ्यापासून शेतात खारं पाणी हाय, वन्सं. भात नाय. नुसती ढाल जिंकून घरात तांदूळ येत नाय. कुणाला बोलू नका."

दोघींचं लग्नापासून फारसं जमलं नव्हतं. बोलायची पद्धत वेगळी, मीठ घालायचा हात वेगळा. हळदीकुंकवाच्या वाणावरून झालेलं गेल्या सालचं भांडण तर अजून ओलं होतं. तरी पुतळीनं मडक्याच्या तोंडाशी पाला दाबला आणि मान हलवली.

पुन्हा नियम पहिला, आता मोठ्यानं

मोझेसनी एकेका पोराला पुढं बोलावलं. नाव काय, जन्म कुठला.

वडखळच्या कप्तानाचा थोरला म्हणाला, पेण. मांडवात हशा पिकला. कोलाडच्या चिटणीसाचा थोरला म्हणाला, वडखळ. हशा जरा कमी झाला. नागोठण्याचे दोन सख्खे भाऊ उभे राहिले, तर थोरला कोलाडला गेला आणि धाकटा घरी राहिला. तिथून पुढं पुरुष गप्प होत गेले आणि चुलीकडचा आवाज चढत गेला. कुठल्या तरी बाईनं आपल्या नवऱ्याला तिथूनच विचारलं, "अवो, बारशाला तुम्ही कुठल्या गावाला आलेलाव, इसरलाव का?"

"साहिल प्रविण. जन्म?"

साहिलनं आईकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "रोहा."

रोह्याच्या बाकावरून जनार्दन उठला. मृणालीचा भाऊ, रोहा मंडळाचा सर्वेसर्वा, कारखान्यात सुपरवायझर. घाई न करता चालत आला आणि भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पहिलं जावळ माझ्या मांडीवर काढलंय ह्याचं. चला, भाचे."

प्रविणचा चेहरा कापडासारखा पांढरा झाला. त्यानं नियम मागं घ्यायची भाषा केली. गेल्या बैठकीपर्यंत वडखळ त्याच्या बाजूला होतं, पण वडखळला नुकताच कोलाडचा दांडगा पोरगा मिळाला होता आणि वडखळचा जीव आता ह्या नियमात अडकला होता. पेणवाले म्हणाले, नियम छान आहे. नागोठण्याचे धाकट्यावर खूश नव्हते, ते प्रविणकडून बोलले. कोलाड आधी इकडं, मग तिकडं, मग पुन्हा इकडं. शेवटी मोझेसनी टेबलावर हात आपटला आणि सांगितलं, की खेळ सुरू झाल्यावर मैदानाच्या रेषा पुसता येत नाहीत.

ह्या गोंधळात सखाचं नाव आलं. "जन्म?"

"गडब."

कुणी टाळी वाजवली नाही. फक्त हिरामणनं मान वळवून त्याच्याकडं नीट पाहिलं. रोज जाता-येता दिसणाऱ्या झाडाला अचानक फळ दिसावं, तसं.

पुतळीच्या ओठांवर हसू फुटलं. ते पुरतं फुटायच्या आतच प्रविण बोलला.

नियम तिसरा. दोन मंडळांची मर्जी असेल तर अदलाबदल. पानं वाढायच्या आत. त्यानंतर तीन वर्षं बदल नाही.

प्रविणनं मागणी मोकळेपणानं मांडली. सखा घ्या. वर आमचा ढिगातला पहिला हात घ्या. साहिल परत द्या.

तो वाईट माणूस नव्हता. मंडळ बुडताना दिसत होतं, हाताशी जे लागलं ते त्यानं फेकलं. हाताशी लागला तो बहिणीचा मुलगा, हे त्याच्या ध्यानातही आलं नसावं. आणि तेच पुतळीला झोंबलं.

जनार्दननं हनुवटी खाजवली, विचार केल्यासारखं केलं आणि हो म्हणाला. एवढ्या चटकन हो म्हणाला, की पुतळीला त्याचं सगळं गणित दिसलं. साहिल कागदावर गडबला गेला तरी सोमवारपासून पहिल्या शिफ्टला रोह्यात. शिफ्ट सोडून सरावाला गडबला कोण येतंय? म्हणजे रोह्याला सखा फुकट, ढिगातला पहिला गडी फुकट, आणि गडबला साहिलचं नुसतं नाव.

आता राहिला हिरामणचा होकार. मंडळ त्याचं, शब्द त्याचा.

मोझेस त्याच्याकडं झुकले आणि मांडवाला ऐकू जाईल अशा बेतानं आपल्या क्लबची गोष्ट सांगू लागले. नवा कायदा आला तेव्हा त्यांच्या तिथला क्लब तळाला होता. पहिला हात त्यांचा. त्यांनी पेपरात गाजलेली नावं उचलली, देशाच्या पार दुसऱ्या टोकाची. त्यातली कित्येक पोरं आलीच नाहीत. कुणाची बाग होती, कुणाचं लग्न ठरलं होतं, कुणी म्हणालं, मला विचारलं कुणी? हात वाया गेला आणि क्लब तळालाच राहिला. मग त्या क्लबनं एक माणूस ठेवला. त्याचं काम एवढंच, पोराचं नाव घ्यायच्या आधी त्याच्या घरी जायचं, आईच्या स्वैपाकघरात बसायचं, चहा प्यायचा.

"गडी घ्यायच्या आधी त्याच्या घरी चहा पिऊन ये, हिरामण," मोझेस म्हणाले. "आम्हाला ते फार उशिरा सुचलं."

हिरामण हसला. "साहिलच्या घरी मी रोज चहा पितो, मोझेस. दोन टायम."

सगळा मांडव हसला. चुलीपाशी मृणालीचे हात थांबले.

दम

पुतळी उठली आणि चुलीपासून मांडवाकडं चालू लागली, मागून कुणीतरी काय गो, कुठं चाललीस म्हणालं, पण ती थांबली नाही, कारण थांबली असती तर बसली असती, आणि पायाखाली वालाची टरफलं मोडत होती, आणि तिच्या तोंडात तीन शब्द तयार होते, सोमवारी पहिली शिफ्ट, एवढे बोलले की अदलाबदल जागच्या जागी मरणार होती, जनार्दनचं तोंड उतरणार होतं, सखा गडबला राहणार होता, आणि मृणालीचं पोर मात्र सोमवारी कुठल्याच शिफ्टला जाणार नव्हतं, त्याच्या बापानं त्याला खोलीत कोंडलं असतं, आणि पुन्हा तेच खारं पाणी आणि तीच ढाल, आणि तो सखा बघा कसा उभा आहे, हात मागं बांधून, बाजारात उभं केलेल्या खोंडासारखा, कुणी दात बघतंय कुणी खूर, आणि तोंड मिटून उभा, बापासारखा, बळीराम पण असाच, मागच्या बाकावर बसलाय आणि सासऱ्याच्या देखत बोलू का नको म्हणून टोपी फिरवतोय, आणि बाबा तर आज इकडं बघतच नाहीत, आणि मृणालीला मान हलवली ती हलवली, आता ते तीन शब्द गिळायचे आणि त्यांच्याशिवाय जे उरेल तेवढ्यावर पलीकडं शिवून यायचं, आणि पुरुषांच्या रांगेपाशी ती पोचली तेव्हाच तिनं श्वास सोडला.

नियम नसलेली जागा

"बाबा."

सगळे तिच्याकडं वळले.

"द्यायचं तर द्या," पुतळी म्हणाली. "मंडळ तुमचं. पण असं गुपचूप मान हलवून देऊ नका. मला दिलंत तेव्हा वाजंत्री होती, सगळ्या गडबनं ऐकलं. ह्याला पण तसंच द्या. उभं राहून मोठ्यानं सांगा, हा आमचा नाय. तो ऐकेल, मी पण ऐकीन. मग पुढच्या मे महिन्यात कुणी कुणाची वाट बघायला नको."

प्रविण पुढं झाला. "पुतळे, हा खेळाचा विषय हाय. घरातलं घरी बोलू."

"घरातलंच तर तू कापडावर रंगवलंस, दादा."

हिरामणनं अंगठ्यानं गुडघा चोळला. मिठागरात तासन्‌तास उभं राहून त्याच्या पायांची कातडी फुटायची, त्या दिवसांपासूनची सवय. मग तो बोलला, पण लेकीशी नाही.

"सखा, हिकडं ये."

सखा आला.

"साहिल चढाईला आला का पहिला पाय कंचा टाकतो?"

"उजवा दाखवतो, आजा. टाकतो डावा."

"आनि तवा बघतो कुठं?"

सखानं साहिलकडं बघितलं. साहिलनं खांदे उडवले, सांग म्हणाल्यासारखे. "तुमच्याकडं बघतो. तुम्ही कडेला बसलेले असता ना, तुमच्याकडं. तेवढ्यात घोटा मिळतो."

साहिल खुदकन हसला. पहिल्यांदाच त्या दिवशी. अंगणातल्या कितीतरी दुपारी त्या हसण्यात होत्या, सखानं धरलेल्या, साहिलनं सोडवून घेतलेल्या.

हिरामण उठून उभा राहिला. वय झालं तरी उभा राहिला की मांडव बुटका वाटायचा.

"जनार्दनराव, साहिलला घेऊन जावा. भाचा तुमचा, मामाचं घर त्याचं. आता पाच वर्षं तुमची ढाल हाय, वर हा वारा तुमच्याकडं आला. साखळीत त्याला धरील असं मानूस एकच हाय, आनि ते माझ्या घरात जन्मलंय. ते पण तुमच्याच पदरात टाकू? एवढा म्हातारा मी नाय झालो."

"बाबा," प्रविण म्हणाला, "साहिल आपला हाय."

"रोह्याला गेला म्हनून काय परका झाला?"

"नाय, पण..."

"मग निडीला ऱ्हातो म्हनून ह्यो कसा परका?" हिरामण खाली बसला. "बास."

प्रविणनं वडखळकडं पाहिलं, पेणकडं पाहिलं. कुणीच नजर दिली नाही. मग तो हळूच कापडाकडं गेला आणि एका कोपऱ्याची सुटलेली दोरी घट्ट बांधली. पुतळीला त्याच क्षणी त्याची दया आली. नियम त्याचा होता आणि तो तोलून धरत होता, एवढं तरी त्याला द्यायला हवं होतं.

जनार्दनचा चेहरा अर्धाच पडला. गणित चुकलं होतं, पण भाचा तर मिळाला होता. त्यानं दोन्ही हात जोडून हिरामणला नमस्कार केला, आणि तो नमस्कार खोटा नव्हता.

मोझेसनी पेन उघडलं. "सखा बळीराम," लिहिता लिहिता ते म्हणाले.

"बळीरामाचं नाव निडीला चालतंय," हिरामण म्हणाला. "हितं पुतळीचं लाव. बाळंतपन तिचं झालंय."

"असा नियम नाही, हिरामण."

"मग कर. आज सगळी करतायत."

मोझेसनी बळीरामकडं पाहिलं. मागच्या बाकावरून बळीरामनं टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, त्याची काही हरकत नाही, फक्त जेवायला लवकर बसवा. तेव्हा कुठं मांडव मोकळा हसला. गडबच्या पोरांनी सखाला ओढून आपल्या बाकावर बसवलं. कुणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्यानं आईकडं बघितलं नाही. कान मात्र लाल झाले होते, ते तिला लांबूनही दिसले.

ढिगातला पहिला हात गडबनं वापरला आणि महाडकडचा एक लांब हातांचा पोरगा घेतला. घ्यायच्या आधी हिरामणनं त्याला जवळ बोलावून विचारलं, घरी कोण असतं, आई काय म्हणते, सरावाला कसा येशील. पोरगा बावचळला. मोझेसनी डोक्यावरची हॅट खाली सरकवून हसू लपवलं.

मडकी फोडली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पाल्याचा वास सगळ्या काठावर पसरला. मृणाली वाफाळत्या शेंगांनी भरलेलं पान घेऊन पुतळीपाशी आली आणि शेजारी बसली. शेंगा सोलू लागली.

"तुम्ही एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं," ती म्हणाली.

"काम तर झालं की."

"बाबांनी हो म्हटलं असतं तर?"

पुतळीनं दाणे तोंडात टाकले. पलीकडं साहिल आणि सखा एकाच पानावर बसले होते. कोंबडीची तंगडी कुणाची यावरून त्यांची ओढाताण चालली होती. एक रोह्याचा, एक गडबचा.

मृणालीनं हात पुसले, पदर खोचला. "जाते आता. ह्यांना सोमवारचं सांगायचंय." उठता उठता ती थांबली. "वन्सं, पहिलाच सामना गडब-रोहा पडलाय. सखाला सांगा, माझ्या पोराच्या घोट्याला जरा जपून. त्याला कारखान्यात आठ तास उभ्यानं काम हाय."

"सांगते," पुतळी म्हणाली. "जपून धर म्हणून सांगते. सोड म्हणून नाय सांगणार, वहिनी."